संशयापासून निश्चयाकडे

संशय हा शब्द आपल्याकडे फारसा चांगल्या अर्थाने वापरीत नाहीत. संशयी नवरा, संशयी सावकार, संशयी शेजारी, ही माणसे कोणालाच नको असतात. संशयाचे भूत एकदा मानगुटीस बसले की उतरत नाही, असे आपण म्हणतो. भगवद्गीतेनेही संशयात बुडालेल्या माणसाला कडक इशारा दिलेला आहे. मग आज या संशयावर बोलायचे ते कशासाठी, असे आपण विचाराल.

मंडळी, संशय दोन प्रकारचा असतो. एक संशय माणसाला गिळून टाकतो, त्याला कशाचाच निर्णय घेऊ देत नाही. गीतेचा इशारा आहे तो या संशयाविषयी. दुसरा संशय माणूस जाणूनबुजून हाती घेतो, सुतार जसा रंधा हाती घेतो तसा. आणि काम झाले की खाली ठेवतो. आमच्या मालवणकडे कोणी बाजारातून काहीतरी नवल ऐकून आला, तर घरातली म्हातारी आधी विचारते, "तुका कोणी सांगल्यान?" हा प्रश्न भांडखोरपणाचा नव्हे. बातमी खरी असेल तर ती या प्रश्नाने मरत नाही, उलट पक्की होते. खोटी असेल तर उंबऱ्यातच अडते.

या एका साध्या प्रश्नाच्या बळावर ज्यांनी ज्ञानाचा पाया शोधला, अशा दोन पुरुषांची ओळख मी आज करून देणार आहे. एक फ्रान्स देशातला, सुमारे चारशे वर्षांपूर्वीचा. दुसरा आपल्या मालवणात जन्मलेला. दोघांच्या वाटा वेगळ्या. पण दोन्ही वाटा समजून घेतल्यावाचून संशयाचे मोल कळायचे नाही.

पहिल्याचे नाव रने देकार्त. जन्म १५९६ सालचा. शाळेत गणित शिकविणाऱ्या गुरुजींना याचे नाव ओळखीचे असेल. दोन रेघा एकमेकींना काटकोनात छेदतात, त्यांच्यावरून बिंदूची जागा आकड्यांनी सांगावयाची आणि आलेख काढावयाचा, ही जी रीत आपण मुलांना शिकवितो ती याच्या १६३७ सालच्या पुस्तकातून जगात पसरली. त्या साली शिवाजी महाराज सात वर्षांचे होते, आणि देहूला तुकोबा हयात होते, म्हणजे काळाचा अंदाज येईल. आपला ग्रंथ त्याने पंडितांच्या लॅटिन भाषेत न लिहिता लोकांच्या फ्रेंच भाषेत लिहिला. ज्ञानदेवांच्या महाराष्ट्राला हे निराळे समजावून सांगायला नको.

देकार्त चांगल्या शाळेत शिकला होता. पण शिक्षण संपवून पाहतो तो त्याच्या ध्यानात आले की गणित सोडले तर आपण शिकलेल्या एकाही गोष्टीबद्दल विद्वानांचे एकमत नाही. एक आचार्य एक सांगतो, दुसरा त्याच्या उलट सांगतो, आणि दोघेही तितक्याच ठामपणे. लहानपणापासून आपण आईबापांच्या, गुरूंच्या, गावाच्या सांगण्यावरून किती तरी समजुती डोक्यात भरून घेतल्या. त्यांतली कोणती खरी, कोणती खोटी? १६१९ च्या नोव्हेंबरात तो तेवीस वर्षांचा शिपाईगडी जर्मनीत मुक्कामाला होता. बाहेर कडाक्याची थंडी, आत शेकोटीची ऊब. त्या खोलीत एकटा बसून त्याने ठरविले की आयुष्यात एकदा तरी हे सारे उलथून पाहिलेच पाहिजे.

त्याने पुढे याला एक दाखला दिला, सफरचंदांच्या टोपलीचा. आपण आपल्या देवगडच्या आंब्याची अढी घेऊ. अढीत काही आंबे नासले आहेत असा वास आला, तर शहाणा बागाईतदार काय करतो? वरवर हात फिरवून दोन आंबे काढून टाकतो काय? नाही. तो सारी अढी मोकळी करतो. एकेक आंबा हातात घेऊन, दाबून, हुंगून पाहतो. चांगला असेल तोच परत ठेवतो. सगळे बाहेर काढले म्हणजे सगळे फेकून दिले असे नव्हे. देकार्तचा संशय हा असा होता.

आता त्याने काय काय बाहेर काढले ते पाहा. प्रथम डोळे, कान, स्पर्श यांनी मिळालेले ज्ञान. वल्हे पाण्यात घातले की वाकडे दिसते, बाहेर काढले की सरळ. लांबून चौकोनी बुरूज वाटोळा दिसतो. जो एकदा फसवितो त्याच्यावर पुरता भरवसा कसा ठेवावा? बरे, लांबची गोष्ट सोडा. मी इथे बसलो आहे, हातात कागद आहे, हे तरी खरे ना? देकार्त म्हणतो, तेही सांगवत नाही. स्वप्नातही मला असेच वाटत असते. मी अंथरुणात झोपलेला असतो आणि स्वप्नात शेकोटीपाशी बसलेला असतो. जागेपणाची अशी कोणती खूण आहे की जी स्वप्नात दिसणारच नाही?

राहिले गणित. दोन आणि तीन पाच, हे स्वप्नातही पाचच. पण देकार्त तिथेही थांबला नाही. १६४१ सालच्या ग्रंथात त्याने कल्पना केली की एखादा महाबलाढ्य मायावी राक्षस आहे आणि त्याने मला फसविण्याचा विडा उचलला आहे. आकाश, पृथ्वी, रंग, आकार, माझे हातपाय हा सगळा त्याचाच खेळ असेल. दोन आणि तीन यांची बेरीज करताना दर वेळी तोच माझी चूक करवीत असेल. आता काय उरले?

इथे, मंडळी, कातळ लागला. देकार्त म्हणतो, राक्षस कितीही समर्थ असो, मला फसविण्यासाठी मी तर हवा ना? मी संशय घेतो आहे. मी संशय घेतो आहे की नाही, असाही संशय घेतला तरी तो संशयच झाला. आणि तो घेणारा कोणी तरी आहेच. म्हणजे सगळे जग खोटे ठरले तरी विचार करणारा मी आहे, एवढे खोटे ठरत नाही. संशयाने जे खणून काढता आले नाही, ते संशयानेच सिद्ध केले. आपल्या हेतूबद्दल त्याने स्वतःच म्हटले आहे की केवळ संशयासाठी संशय घेणाऱ्यांतला मी नव्हे. मला भुसभुशीत माती आणि रेती उपसून खालच्या खडकापर्यंत पोचायचे होते. चिऱ्याचे घर बांधण्यापूर्वी पाया खणणाऱ्या आपल्या गवंड्याला हे बोलणे ताबडतोब पटेल. मालवणच्या समुद्रात १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू झाले ते कुरटे बेटाच्या खडकावर. रेतीवर ते उभे राहिले नसते.

आपल्याकडे हा विचार नव्हताच असे मात्र समजू नका. गौतमाच्या न्यायशास्त्राने जाणून घेण्याचे सोळा विषय सांगितले, त्यांत संशयाला तिसरे स्थान दिले आहे. भाष्यकार वात्स्यायनाचे म्हणणे असे की जी गोष्ट मुळीच माहीत नाही तिथे तर्क चालत नाही, आणि जी पक्की ठरली आहे तिथे तो लागत नाही; जिथे संशय आहे तिथेच त्याचे काम. नैयायिकांचे नेहमीचे उदाहरण म्हणजे तिन्हीसांजेला दिसणारा खुंट. हा खुंट की माणूस? रात्री माडाच्या बागेतून जाणाऱ्याला हे उदाहरण पुस्तकात वाचावे लागत नाही. वेदान्त्यांचे उदाहरण तर आपल्या किनाऱ्याचेच: उन्हात चकाकणारी शिंप लांबून रुप्याचा तुकडा वाटते. वाकून हातात घेतली की रुपे जाते आणि शिंप राहते.

आणि देकार्तला जो कातळ लागला, त्याच्याशी मिळतेजुळते बोलणे आठव्या शतकाच्या सुमारास शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात केले आहे. आत्मा नाही असे कोणी म्हणू लागला, तर तसे म्हणणारा जो कोणी आहे तोच त्याचा आत्मा. तेव्हा स्वतःला नाकारता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पण हे दोघे एकच बोलले असे म्हणणे घाईचे होईल. आचार्यांना त्यातून मोक्षाची वाट दाखवायची होती. देकार्तला त्यावर पदार्थविज्ञान उभे करायचे होते. दोघांची विहीर एका पाण्याला लागली, पण पाणी वेगवेगळ्या शेताला गेले.

सगळ्यांनाच कातळ लागला असेही नाही. आपल्याच देशात जयराशी भट्ट नावाचा एक तार्किक होऊन गेला. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द, जी जी प्रमाणे म्हणून लोक मानतात ती सगळी त्याने एकामागून एक मोडून दाखविली. त्याचा 'तत्त्वोपप्लवसिंह' हा ग्रंथ शेकडो वर्षे हरवल्यासारखा होता. तो १९४० साली बडोद्याहून छापून निघाला. जयराशीने अढी मोकळी केली आणि एकही आंबा परत ठेवला नाही.

आता देकार्तकडे परत येऊ. त्याच्या मार्गात दोन अडचणी राहिल्या, आणि मालवणच्या पंडिताकडे वळण्यापूर्वी त्या पाहणे जरूर आहे.

पहिली अडचण अशी. 'मी आहे' हे ठरले. पण माझा शेजारी आहे, समुद्र आहे, काल पाऊस पडला होता, हे कसे ठरावे? त्या खडकावरून परत जगात यायला पूल हवा. देकार्तने परमेश्वराचा पूल बांधला. परमेश्वर आहे आणि तो फसविणारा नाही, म्हणून जे मला अगदी स्पष्ट दिसते ते खरे. त्याच्या हयातीतच आक्षेप निघाला की परमेश्वर आहे हे तुम्ही स्पष्ट विचाराने सिद्ध करता, आणि स्पष्ट विचार खरा का, तर परमेश्वर आहे म्हणून; हे तर गोल फिरणे झाले. या आक्षेपावर तत्त्वज्ञ आजतागायत वाद घालीत आहेत.

दुसरी अडचण आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. देकार्तने संशय विचारापुरताच ठेवला, आचाराला लावला नाही. घर मोडून नवे बांधीपर्यंत माणसाला राहायला मांगर लागतो ना? तसे त्याने वागण्याचे काही तात्पुरते नियम केले. त्यांतला पहिलाच नियम असा की आपल्या देशाचे कायदे, रूढी आणि लहानपणापासूनचा धर्म पाळीत राहावयाचे. त्याला दोष देणे सोपे आहे. पण १६३३ मध्ये पृथ्वी फिरते असे म्हटल्याबद्दल गॅलिलिओला रोमच्या धर्मपीठाने शिक्षा केली, ती ऐकून देकार्तने स्वतःचा एक तयार ग्रंथ छापायचा रहित केला होता. काळ तसा होता. तरीही प्रश्न उरतोच. जो संशय सूर्यचंद्रालाही सोडीत नाही, तो गावच्या रूढीला हात का लावीत नाही?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडते ते डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर. जन्म ६ जुलै १८३७, मालवण. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १९८१ साली झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला. रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेतून मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गेला. १८६२ साली मुंबई विद्यापीठाची पहिली पदवीधरांची तुकडी बाहेर पडली, तिच्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते आणि हे भांडारकर होते. पुढे हैदराबाद सिंध आणि रत्नागिरी येथे त्यांनी शाळा चालविल्या, मग एल्फिन्स्टन आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे संस्कृत शिकविले. त्यांची संस्कृतची दोन क्रमिक पुस्तके हातात घेऊन शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या या देशात झाल्या.

भांडारकर तत्त्वज्ञ नव्हते, इतिहासकार होते. इतिहासकाराला देकार्तचा सरसकट संशय परवडत नाही. मीच तेवढा निश्चित, बाकी सगळे अनिश्चित, असे धरले तर सातवाहनांचा इतिहास कोण लिहिणार? म्हणून भांडारकरांनी दुसरी वाट धरली. एकेक साक्षीदार पुढे बोलवावयाचा आणि विचारावयाचे: तुला कोणी सांगितले? तू तिथे होतास काय? खोटे बोलण्यात तुझा काही फायदा होता काय? दुसरा कोणी तुझ्या बाजूने बोलतो काय? १८८८ साली मुंबईत दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी या चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक पद्धतीचे विवेचन केले. तिचे एक-दोन मासले सांगतो, म्हणजे कल्पना येईल.

पाणिनीच्या व्याकरणावर महाभाष्य लिहिणारा पतंजली केव्हा झाला? परंपरेने त्याच्याभोवती शेषाच्या अवताराच्या कथा गुंफल्या होत्या; तारीख कोठेच नव्हती. आता संस्कृतात भूतकाळाची निरनिराळी रूपे आहेत. त्यांतले एक रूप अशा घटनेसाठी वापरावे, असे सांगितले आहे, की जी बोलणाऱ्याने स्वतः पाहिली नाही, पण सगळ्या लोकांना ठाऊक आहे आणि त्याने मनात आणले असते तर त्याला पाहता आली असती. म्हणजेच त्याच्या हयातीत घडलेली. या नियमाचे उदाहरण देताना पतंजलीने लिहिले की यवनाने साकेत नगराला वेढा घातला. पुढे वर्तमानकाळाच्या नियमाखाली उदाहरण दिले, त्याचा भाव असा की आम्ही येथे पुष्यमित्राचा यज्ञ चालवीत आहो.

पाहा, व्याकरणकार काही इतिहास सांगायला बसला नव्हता. त्याला क्रियापदाचे रूप दाखवायचे होते. म्हणूनच ती साक्ष मोलाची. पहिल्या उदाहरणाकडे गोल्डस्टुकर या पंडिताने आधीच लक्ष वेधले होते. भांडारकरांनी १८७२ साली पुष्यमित्राचे उदाहरण पुढे आणून दोन्हींची सांगड घातली. ग्रीकांची स्वारी आणि शुंग राजा पुष्यमित्र, दोन्ही ज्याच्या हयातीत, तो पतंजली ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यास झाला. यावर वेबर या मोठ्या जर्मन पंडिताशी त्यांचा वाद झाला. मालवणच्या माणसाने युरोपच्या पंडितालाही तोच प्रश्न विचारला, कोणी सांगितले? आणि उत्तर पुराव्यानिशी मागितले.

दुसरा मासला नाशिकच्या लेण्यांचा. सातवाहन राजांच्या याद्या पुराणांत आहेत. पण राजांची संख्या एक सांगितलेली, नावे मोजावीत तर निराळीच निघतात. एका पुराणाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मग भांडारकरांनी दगडाला विचारले. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्री नावाच्या राजमातेचा शिलालेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने शकांचा आणि यवनांचा पाडाव केला, क्षहरातांचा वंश निखंदून काढला, असे ती सांगते. पण इथेही संशय घ्यायलाच हवा. आई मुलाचे कौतुक करणारच! ही साक्ष कितपत धरावी? त्याच डोंगरात क्षहरात राजा नहपान याच्या जावयाचे दानलेख आहेत. म्हणजे एकेकाळी या मुलखावर त्या घराण्याची सत्ता होती हे ठरले. ती पुढे गेली आणि सातवाहन आले हेही दिसते.

पुढे १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या निम्म्याहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला! नाण्याला आई नसते आणि मुलाचे कौतुकही नसते. राजमातेचे बोलणे खरे ठरले. सत्तरीला टेकलेल्या भांडारकरांच्या डोळ्यांदेखत दगडाच्या साक्षीला चांदीची साक्ष मिळाली.

मात्र या पद्धतीने काढलेला प्रत्येक निष्कर्ष टिकला असे नाही. गौतमीपुत्र आणि त्याचा मुलगा पुळुमावी यांनी एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी राज्य केले असावे, असे मत भांडारकरांनी १८८४ सालच्या आपल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात मांडले. पुढील बहुतेक संशोधकांना ते पटले नाही. पण ते खोडता आले ते कशाने? भांडारकरांनी जी कसोटी शिकविली तिनेच. देकार्तला एकच निश्चय हवा होता, पण तो कधीही न ढळणारा. भांडारकरांनी पायऱ्या मानल्या: हे नक्की, हे बहुधा, हे शक्य, हे अशक्य. आपल्या कोर्टकचेऱ्या, आपला दवाखाना, आपली शेती चालते ती या पायऱ्यांवरच.

ही पायऱ्यांची शिडी प्रामाणिक राहावी म्हणून त्यांनी एक अट घातली. १९०० सालच्या एका निबंधात त्यांनी म्हटले की इतिहास शोधणाऱ्याने न्यायाधीशासारखे वागावे. आपल्या देशाचा गौरव सापडावा म्हणून कागद चाळू नयेत, आणि देशाची नालस्ती व्हावी म्हणूनही चाळू नयेत. इतिहास लिहिणाऱ्याला सगळ्यांत अवघड पाळायला जाते ती ही अट. परक्याच्या बोलण्यावर संशय घेणे कोणालाही जमते. जे ऐकून आपली छाती फुगते त्यावर संशय घेणे, तिथे खरी कसोटी लागते.

आणि आता तो प्रश्न, जो देकार्तने मांगरात ठेवला होता: रूढीचे काय?

१८९१ साल उजाडले तेव्हा सगळा महाराष्ट्र संमतिवयाच्या बिलाने पेटला होता. पत्नी असली तरी मुलीचे वय दहाऐवजी बारा वर्षांचे झाल्याखेरीज नवऱ्याने तिच्याशी शरीरसंबंध ठेवू नये, असा तो कायदा होता. आजच्या वाचकाला बारा हा आकडाही ऐकवत नाही. पण त्या काळी त्यावरून सभा उधळल्या गेल्या. विरोधकांतल्या अनेकांचे म्हणणे असे की मुलगी ऋतुमती होताच गर्भाधान झाले पाहिजे, ही शास्त्राची आज्ञा आहे. सरकारला तिच्यात ढवळाढवळ करता यायची नाही. परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, ही लोकमान्य टिळकांची भूमिका होती, आणि शास्त्रार्थावरूनही त्यांचा भांडारकरांशी वाद झाला.

भांडारकरांनी तोच जुना प्रश्न विचारला. शास्त्राची आज्ञा? कोणत्या शास्त्राची, कोणत्या काळच्या? गृह्यसूत्रे, स्मृती, टीका यांची वचने काळाच्या क्रमाने मांडून त्यांनी एक निबंधच लिहिला. जुन्या गृह्यसूत्रांत लग्नानंतर चौथ्या दिवशी पतिपत्नीच्या समागमाचा विधी सांगितला आहे. याचा अर्थ त्या काळी वधू लग्नाच्या वेळीच वयात आलेली असे. म्हणजे बालविवाह ही सनातन चाल नव्हे, मागाहून शिरलेली चाल आहे. आणि ऋतू येताच समागम झाला नाही तर धर्म बुडतो, हेही शास्त्राला धरून नाही. तो कायदा मार्च १८९१ मध्ये संमत झाला.

गोपाळ गणेश आगरकरांसारख्या सुधारकाला यावरही प्रश्न होता. पोरीचे हाल डोळ्यांना दिसत असताना शास्त्राचा आधार हवा कशाला? नुसती विवेकबुद्धी पुरेशी नाही काय? हा प्रश्न खोटा नव्हे. पण जो माणूस शास्त्राचा दाखला देऊन वाट अडवितो, त्याला त्याच्याच पोथीतले पान उघडून दाखविणारा माणूसही लागतो. ते काम आगरकरांचे नव्हते. त्याला भांडारकरांची विद्या हवी होती.

आणि ही विद्या त्यांनी दुसऱ्याच्या घरापुरती ठेवली नाही. पुनर्विवाहाच्या पंगतीला नुसते जेवायला गेलेल्यांवरही बहिष्कार पडे, अशा त्या दिवसांत त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. देकार्तचा संशय शेकोटीच्या खोलीत राहिला. भांडारकरांचा संशय माजघरापर्यंत गेला.

इतका संशय घेणारा माणूस देवाधर्माला विसरला असेल असे वाटेल. तसेही झाले नाही. ते प्रार्थना समाजाचे निष्ठावंत सभासद होते, तुकोबांच्या अभंगांवर त्यांचे प्रेम होते, आणि त्यांची मराठी धर्मप्रवचने प्रसिद्ध आहेत. ईश्वर आणि नीती यांवरची श्रद्धा हा त्यांचा कातळ होता. तो कातळ सिद्ध करता येतो काय, यावर तत्त्वज्ञ भांडतील. पण श्रद्धा आहे म्हणून पुराव्याची तपासणी सोडली, असे त्यांनी केले नाही. आणि तपासणी केली म्हणून श्रद्धा गमावली, असेही झाले नाही.

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते वारले. पण त्यांच्या पद्धतीचे मोठे काम तेव्हा नुकते सुरू होत होते. महाभारताच्या हस्तलिखितांत पाठ वेगळे, श्लोक कमीजास्त, कुठे अख्खे आख्यान जास्त. काश्मीरची पोथी एक सांगते, मल्याळी पोथी दुसरे. त्यांतले जुने कोणते? विष्णू सीताराम सुखठणकर आणि त्यांच्यामागून आलेल्या संपादकांनी देशभरातली १,२५९ हस्तलिखिते जमवून शब्दाशब्दाची साक्ष काढली. १९१९ साली हाती घेतलेले हे काम १९६६ साली पुरे झाले. सत्तेचाळीस वर्षे! काम सुरू करणाऱ्यांतले अनेक जण ते पुरे झालेले पाहायला उरले नव्हते.

शिक्षक बंधुभगिनींनो, कधी पुण्यास जाणे झाले आणि या महाभारताचा एखादा खंड हाती आला, तर मुद्दाम उघडून पाहा. वर संपादकांनी निवडलेला पाठ आहे. खाली बारीक अक्षरांत सोडून दिलेले पाठ आहेत, कोणत्या पोथीत काय आहे याच्या खुणांसह. आणि वरच्या पाठात काही काही शब्दांखाली एक नागमोडी रेघ ओढलेली दिसेल. त्या रेघेचा अर्थ असा, की हा शब्द आम्ही घेतला आहे खरा, पण आमची पुरती खात्री नाही.

शाळेत मूल उत्तर चुकले तर आपण तांबडी रेघ मारतो. एक दिवस मुलांना पाटीवर दहा वाक्ये लिहायला सांगा: गावाविषयी, किल्ल्याविषयी, देवळाविषयी, जी त्यांना खरी वाटतात ती. मग प्रत्येक वाक्याला विचारा, "तुका कोणी सांगल्यान?" ज्याचे उत्तर मिळेल ते तसेच राहू द्या. ज्याचे मिळणार नाही ते पुसू नका. त्याच्याखाली त्या पंडितांसारखी नागमोडी रेघ ओढायला शिकवा.